५ सेंटिमीटरची थायरॉइडची गाठ: दुर्बिणीतून काढायची की गळ्यावरून?

ताई, पुढे वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडू. वय ४१, राहायला कोल्हापुरात, माध्यमिक शाळेत शिक्षिका, शिवाय भजनी मंडळात गाता. गळ्याच्या उजव्या बाजूला दोन वर्षांपासून गाठ आहे. अलीकडे ठुशी दाटायला लागली आहे, पाठीवर सपाट झोपलं की घशावर दाब येतो आणि भाकरीचा सुका घास अडकल्यासारखा होतो. सोनोग्राफीत उजवा लोब (थायरॉइड ग्रंथीचा उजवा अर्धा भाग) ६.५ × ३.८ × ३.५ सेंमी, त्यात ५.२ × ३.४ × ३.२ सेंमीची एकच भरीव गाठ, डावा लोब नेहमीच्या मापाचा आणि स्वच्छ. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी, १.८, व्यवस्थित. सुईच्या तपासणीत बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ. एका सर्जननी ओठाच्या आतून दुर्बिणीने काढू म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी गळ्यावरूनच काढावी लागेल म्हणून. कमी चिरफाडीचा रस्ता असताना गळा कशाला कापून घ्यायचा, हा तुमचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे, पण दुर्बीण म्हणजे कमी चिरफाड हे त्यात धरून चाललेलं आहे आणि ते थायरॉइडला लागू पडत नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनला पडतं, कारण पोट उघडायला जाड स्नायू कापावे लागतात आणि दुर्बिणीने ते वाचतात. थायरॉइड मुळात वरच आहे. गळ्यावरून गेलं तर त्वचा, तिच्याखालचा प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू, आणि मग मधल्या रेषेत दोन्हीकडचे पट्ट्यासारखे स्नायू बाजूला केले की ग्रंथी समोर येते. बहुतेक वेळा त्या पट्ट्यांना कापावंही लागत नाही. ओठाच्या आतून यायचं तर हनुवटीपासून खाली छातीच्या हाडाच्या खाचेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना मानेच्या मोठ्या स्नायूंपर्यंत कातडी आतून मोकळी करत यावं लागतं. काखेतून यायचं तर त्याहून लांबचा बोगदा. खूण दिसेनाशी होते, आतली सोडवणूक वाढते. हा सौदा काही जणींसाठी फायद्याचा असतो. तुमच्यासाठी आहे का, ते तुमच्या मापांवर ठरतं.

म्हणून मापांकडे येऊ. तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला दोन्ही सर्जनच्या मतांपेक्षा महत्त्वाचं वाटतं: रिपोर्टमध्ये ‘उजव्या लोबची खालची कड पूर्ण दिसली नाही’ असं म्हटलं आहे. सोनोग्राफीच्या लहरी हाडातून पार जात नाहीत. कड दिसली नाही याचा अर्थ बहुतेक वेळा ती कॉलरबोनच्या किंवा छातीच्या मधल्या हाडाच्या मागे उतरली आहे. असं असेल तर दिलेलं ६.५ सेंमी हे माप अपुरं आहे, खरी लांबी जास्त आहे. आणि दुर्बीण की ओपन या वादाचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

लोबचं आकारमान काढायची रीत सोपी आहे: लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ०.५२ ने गुणायचं. तुमचा उजवा लोब दिसतो तेवढाच धरला तरी साधारण ४५ मिली होतो. त्यातली गाठ एकटी २९ मिलीच्या आसपास. धडधाकट बाईची दोन्ही लोब मिळून पूर्ण ग्रंथी साधारण १८ मिलीच्या आत असते, म्हणजे तुमचा एक लोबच तिच्या अडीचपट. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता, काढायलाच हवी का? बेथेस्डा २ असलेली गाठ केवळ आहे म्हणून काढत नाहीत. लहान असेल, त्रास नसेल, तर वर्ष-दीड वर्षाने सोनोग्राफी करून नुसती पाहत राहतात. तुमच्या बाबतीत दाबाची लक्षणं आहेत, ४ सेंमीच्या वरचा आकार आहे आणि गाठ खाली उतरत असल्याची शंका आहे. त्यामुळे ऑपरेशन सुचवणं मला योग्य वाटतं, आणि यावर दोन्ही सर्जन सहमत आहेत हेही लक्षात घ्या. घाई मात्र नाही. शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबलं तर बिघडत नाही. अपवाद तीन: आवाज अचानक बसला, गाठ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दुखून फुगली (बहुधा आत रक्तस्राव), किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग थांबायचं नाही.

गोळीने गाठ बसेल का, असं बरेच जण विचारतात. टीएसएच व्यवस्थित असताना थायरॉक्सिन देऊन ते मुद्दाम खाली दाबायची पद्धत पूर्वी होती. त्याने गाठ फारशी कमी होत नाही, आणि छातीत धडधड व हाडं ठिसूळ होणं मात्र पदरात पडतं. आयोडीनयुक्त मीठ गलगंड होऊ नये म्हणून असतं, झालेली ५ सेंमीची गाठ त्याने विरत नाही. कोबी-फ्लॉवर बंद करूनही काही होत नाही, खुशाल खा.

रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी कमी चिरफाडीची पद्धत तीच. सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून, मधल्या बाजूने १८ गेजची सुई गाठीत घालतात. तिचं फक्त टोक तापतं. ते टोक थोडं थोडं मागे घेत गाठीचे छोटे छोटे भाग जाळत येतात. आवाजाच्या नसेजवळ ५ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून अंतर तयार करतात. साध्या भरीव गाठीचं आकारमान महिन्याभरात बरंच उतरतं आणि वर्षभरात अर्ध्याहून खूप खाली जातं. पण तीन अटी आहेत. सुईची तपासणी दोनदा साधी आलेली हवी, तुमची एकदाच झाली आहे. गाठ सगळ्या बाजूंनी सोनोग्राफीत दिसायला हवी, तुमची खालून दिसत नाही. आणि २० मिलीच्या वरच्या गाठीला बऱ्याचदा दुसरी बैठक लागते. शिवाय जाळलेली गाठ शरीरातच राहते, बायोप्सीला पूर्ण तुकडा कधीच मिळत नाही. तुमची खालची कड गळ्यातच निघाली, दुसरी सुईतपासणीही साधी आली आणि गाठ थोडी राहिली तरी चालेल अशी तुमची तयारी असली, तर हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. हाडामागे गेलेल्या गाठीला नाही.

किती काढायचं, यावर वाद नसावा: उजवा लोब आणि दोन्ही लोबना जोडणारा मधला पूल. डावा लोब स्वच्छ आहे, तो ठेवायचा. एक बाजू ठेवली की त्या बाजूची आवाजाची नस आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या दोन पॅराथायरॉइड ग्रंथी यांना कुणी हातच लावत नाही. आयुष्यभराची कॅल्शियमची गोळी किंवा दोन्ही नसा दुखावून श्वास अडकणं, हे संकट जवळजवळ बादच होतं. कुणी ‘एकदाच सगळी काढून टाकू, कटकट नको’ म्हणालं तर कारण विचारा. डाव्या बाजूला गाठी असत्या तर ते कारण ठरलं असतं.

मग दुर्बीण. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी ऑपरेशनं येतात.

पहिलं मिव्हॅट, इटलीतल्या पिसा इथे पाओलो मिकोली यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी रुळवलेलं. गळ्यावरच दीड-दोन सेंमीचा छेद आणि त्यातून ५ मिमीची दुर्बीण. गॅस भरावा लागत नाही. ही पद्धत जवळपास ३ सेंमीपर्यंतची गाठ आणि २५ मिलीच्या आतली ग्रंथी यांच्यासाठी आहे. तुमचा विषय इथे संपला.

दुसरं काखेतून किंवा काख आणि स्तनाग्राच्या कडेतून जाणारं, कोरियात वाढलेलं, बऱ्याचदा रोबोट घेऊन केलेलं. गळ्यावर खूण नाही, पण छातीवरची कातडी मोकळी करावी लागते, काही महिने तिथे बधिरपणा आणि ताण राहतो. मोठी गाठ बाहेर काढायला काखेचा रस्ता ओठापेक्षा बरा, हे मान्य करायला हवं. मात्र रोबोट लागणार असेल तर त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल आणि खर्चही वाढेल.

तिसरं ओठाच्या आतून, टोएटवा, तुम्हाला सुचवलेलं. बँकॉकच्या आंगखून अनुवाँग यांनी २०१६ मध्ये पहिल्या ६० रुग्णांचा अनुभव छापला आणि तिथून ते जगभर पसरलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीपासून जरा दूर, मध्ये १० मिमीचं आणि दोन्ही बाजूंना ५ मिमीचं पोर्ट, म्हणजे दुर्बीण आणि हत्यारं आत घालायची नळी, बसवतात. ॲड्रेनलिन मिसळलेलं सलाइन सोडून कातडी सुटी करतात, मग ६ मिमी पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. हा दाब पोटाच्या दुर्बिणीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. जास्त ठेवला तर गॅस कातडीखाली छातीपर्यंत पसरतो, आणि गळ्यातली एखादी शीर उघडी पडलेली असेल तर त्यात शिरून हृदयापर्यंत जाऊ शकतो. बाजूची पोर्टं चुकीच्या जागी पडली तर हनुवटीची मेंटल नस दुखावते, खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकींची ती काही आठवड्यांत परत येते, थोड्यांची राहते. तोंडातून जात असल्यामुळे आधी दात-हिरड्या तपासणं, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या आणि अँटिबायोटिक लागतं. गळ्यावरच्या स्वच्छ ऑपरेशनला अँटिबायोटिकची तशी गरज नसते.

या पद्धतीत साध्या गाठीला साधारण ६ सेंमीपर्यंत आणि ग्रंथीच्या आकाराला १० सेंमीपर्यंत मुभा देतात, काही जण ४५ मिली ही मर्यादा पाळतात. हाडामागे उतरलेली ग्रंथी चालत नाही. म्हणजे तुमची ५.२ सेंमीची गाठ आकड्यात बसते, लोब काठावर आहे, आणि खालची कड कळलेलीच नाही. पहिल्या सर्जननी सांगितलं ते निराधार नव्हतं. फक्त सीटी करून मग सांगायला हवं होतं.

समजा सीटीत कड वरच निघाली. तरी दोन अडचणी राहतात.

पहिली, जागेची. ओठाकडून खाली बघताना लोबचा वरचा भाग सगळ्यात आधी आडवा येतो. आवाजाची नस स्वरयंत्रात शिरते ती जागा नेमकी त्याच्या मागे. लहान लोब असेल तर वरच्या रक्तवाहिन्या सोडवून तो उचलता येतो आणि नस वरून खाली अशी सुरेख दिसते. ४५ मिलीचा लोब मात्र पट्ट्यासारख्या स्नायूंखालची सगळी पोकळी भरून टाकतो. धरून ओढायला जागा नाही, ओढलं तर पृष्ठभागावरच्या शिरा फाटतात, आणि त्या बंद जागेत थोडं रक्त आलं तरी कॅमेऱ्याला लाल पडद्याखेरीज काही दिसत नाही. तिथे घाईने उष्णतेचं उपकरण लावलं की नस भाजते. हार्मोनिक असो वा लिगाशुअर, उष्णतेच्या कुठल्याही उपकरणाला नसेपासून ३ ते ५ मिमी अंतर सोडावं लागतं. जागा नसेल तर ते अंतर कुठून आणायचं?

दुसरी अडचण गाठ बाहेर काढण्याची, आणि याबद्दल रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं. मधलं पोर्ट १० मिमीचं. ताणून वाढवलं तरी ५ सेंमीची भरीव गाठ त्यातून अखंड येत नाही. पिशवीत घालून आतल्या आत तिचे तुकडे करावे लागतात. गाठ खरोखर साधी असेल तर चालून जातं. पण बेथेस्डा २ आलेल्या गाठींपैकीही थोड्या पुढे कॅन्सरच्या निघतात, साधारण शंभरात एक ते तीन, आणि मोठ्या गाठीत सुईने घेतलेला नमुना पूर्ण गाठीचा प्रतिनिधी असेलच असं नाही. फॉलिक्युलर प्रकारात साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या पेशी सारख्याच दिसतात. फरक एवढाच, की कॅन्सरने गाठीचं आवरण किंवा आतली रक्तवाहिनी भेदलेली असते. पॅथॉलॉजिस्टला तो फरक शोधायला आवरण सलग लागतं. तुकडे झाले तर भेद होता की कापताना फाटलं, हे सांगता येत नाही. मग रिपोर्टवर ‘नक्की सांगता येत नाही’ असा शेरा येतो आणि डावा लोबही काढायचा का हा प्रश्न उगाच उभा राहतो. पिशवी फाटून कण सांडले तर थायरॉइडच्या पेशी कातडीखालच्या वाटेत रुजल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून ४ सेंमीच्या वरची भरीव गाठ ओठातून तोडून काढण्याच्या मी विरोधात आहे, सर्जन कितीही कुशल असला तरी. पाण्याची गाठ असेल तर गोष्ट वेगळी, पाणी ओढून ती बसवता येते.

आता गळ्यावरून कसं होतं ते. हा छेद थिओडोर कोखर यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांना थायरॉइडच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं. त्या काळचे कानापासून कानापर्यंतचे व्रण पाहून घाबरू नका. तुमच्या मापाला ५ ते ६ सेंमी पुरतात, हलका हात असेल तर ४.५ मध्येही भागतं. छेदाची जागा टेबलावर मान मागे ताणल्यावर ठरवायची नसते. आदल्या दिवशी किंवा ऑपरेशनच्या सकाळी तुम्ही सरळ बसलेल्या असताना मानेच्या नैसर्गिक वळीत पेनाने खूण करून घ्यायची. मान ताणलेली असताना आखलेली रेघ नंतर खाली, कॉलरबोनच्या दिशेने सरकते आणि तिथे व्रण जाड होतो. ठुशी जिथे बसते तीच वळी बहुतेकींच्या बाबतीत योग्य असते, त्यामुळे खूण करून घेताना घालून दाखवली तरी चालेल.

आत गेल्यावर क्रम साधारण असा. स्नायू मधोमध उघडून लोब मोकळा करायचा, मधली शीर बांधायची. मग वरचं टोक. इथल्या रक्तवाहिन्यांना लागून वरच्या स्वरयंत्र नसेची बाहेरची फांदी जाते, जी स्वर ताणणाऱ्या स्नायूला चालवते. गाठ मोठी झाली की वरचं टोक वर चढतं आणि ही फांदी रक्तवाहिन्यांना चिकटून येते. म्हणून सगळ्या रक्तवाहिन्या एकगठ्ठा न बांधता ग्रंथीच्या अगदी पृष्ठभागाशी, एक-एक करून घ्यायच्या. ही फांदी गेली तर रोजच्या बोलण्यात फारसं कळत नाही. पण वरच्या पट्टीत आवाज पोहोचत नाही, आणि तास-दोन तास शिकवलं की घसा थकतो. तुम्ही शिकवता आणि गाता, हे सर्जनना पहिल्याच भेटीत सांगा. बरेच जण सांगत नाहीत.

त्यानंतर आवाजाची मुख्य नस, जाडीला जेमतेम २ मिमी. उजवीकडे ती तिरकी येते. शंभरात एखाद्या व्यक्तीत उजवी नस खालून वळसा न घेता थेट वरून आडवी येते, आणि नेहमीच्या जागी शोधत बसलं तर तीच कापली जाण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीत उजव्या हाताची मोठी धमनी वेगळ्या मार्गाने गेलेली असते आणि ते सीटीत आधीच दिसतं. सीटी करण्याचं हे आणखी एक कारण. नर्व्ह मॉनिटर असेल तर उत्तम. श्वासनळीतल्या नळीवर इलेक्ट्रोड असतात, १ मिलिॲम्पिअरने नसेला चेतवलं की संकेत मिळतो. पण तो चालायला भूलतज्ज्ञांनी स्नायू सैल करणारं दीर्घकाळ टिकणारं औषध टाळावं लागतं. मॉनिटर डोळ्यांनी नस ओळखण्याला पर्याय होत नाही, जोडीला असतो.

पॅराथायरॉइड मसुरीच्या डाळीएवढ्या, पिवळसर तपकिरी. त्यांचा रक्तपुरवठा बारीक फांद्यांनी येतो, तो ग्रंथीच्या अंगाने सोडवत मागे ठेवायचा. एखादी काळीनिळी पडली तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रोवतात, ती पुन्हा जगते. हाडामागचा भाग शेवटी, बोटाने हलके वर उचलून घ्यायचा. साध्या गाठीचा रक्तपुरवठा गळ्यातूनच आलेला असतो, त्यामुळे ती वरच्या वर निघते, छाती उघडावी लागणं अगदी क्वचित. पण हे बोटाचं काम ओठातल्या दुर्बिणीतून करता येत नाही, आणि मला वाटतं दुसऱ्या सर्जनच्या मनात नेमकं हेच असावं.

काय बिघडू शकतं? आकडे जिथे किती ऑपरेशनं होतात त्यावर हलतात, पण साधारण कल्पना अशी: नस काही काळ सुस्त होणं शंभरात तीन ते पाच, कायमची जाणं एकाच्या आसपास. एक लोब काढल्यावर कॅल्शियम घसरणं विरळा. शंभरात एक-दोघांना पहिल्या २४ तासांत आत रक्त साठतं, त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा पहिल्या सहा तासांतच. मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते, कारण व्रण दोन महिन्यांनीही सुधारता येतो, श्वास अडकला तर मिनिटं हातात असतात. लक्षणं: गळा ताठ होत जाणं, गिळायला न येणं, अस्वस्थपणा, बसूनच राहावंसं वाटणं. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन शेवटपर्यंत चांगला दिसतो, त्यावर विसंबून राहायचं नसतं. उपाय एकच: खाटेवरच टाके उघडून रक्त मोकळं करणं, मग थिएटर. म्हणून हॉस्पिटल निवडताना ‘दुर्बीण आहे का’ याच्या आधी ‘रात्री वॉर्डात थांबणारा डॉक्टर गळ्याचे टाके उघडू शकतो का’ हे विचारा. उत्तर अडखळत आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा. पुण्याला जाऊन करणार असाल तर पहिली रात्र तिथेच काढा, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा प्रवास त्याच संध्याकाळी नको.

ऑपरेशनआधी या गोष्टी करून घ्या. मान आणि छातीचा सीटी. साधा, कॉन्ट्रास्टशिवायचा, खालची कड आणि श्वासनळीवरचा दाब बघायला सहसा पुरतो. रेडिओलॉजिस्टना दोन प्रश्न लेखी द्या: खालची कड छातीच्या हाडाच्या खाचेपासून किती खाली, आणि श्वासनळी सगळ्यात अरुंद जागी किती मिलिमीटर. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू हलताना बघून घ्या आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. एक तंतू आधीच सुस्त असेल तर सगळा बेत बदलतो. रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, हे देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरी एक चाचणी करता येते: दोन्ही हात कानाला चिकटवून एक मिनिट सरळ वर धरा, समोर कुणाला तरी उभं करा. चेहरा लाल-निळा झाला, डोकं भरून आलं किंवा श्वास जड झाला तर गाठ छातीच्या तोंडाशी शिरांना दाबते आहे. नाही झालं तर गाठ वरच आहे असं मात्र समजू नका.

आणखी एक, व्रणाच्या काळजीबद्दल. दंडावरची बीसीजीची खूण आणि कानाची भोकं आरशात बघा. तिथे कातडी गुठळीसारखी उंच, गुलाबी वाढलेली असेल तर तुमच्या अंगाला केलॉइडची प्रवृत्ती आहे आणि गळ्यावरच्या छेदाबद्दलची तुमची भीती खरी आहे. ती असेल तर काखेच्या मार्गाचा मी गांभीर्याने विचार करेन, लांब जावं लागलं तरी. नसेल तर वळीतला व्रण वर्षभरात बारीक फिकट रेघ होतो. पहिले काही महिने तो लालसर राहणारच. टाक्यांची जागा भरल्यावर सिलिकॉन जेल दोन-तीन महिने, आणि बाहेर पडताना ओढणी किंवा पदर, ऊन लागू द्यायचं नाही.

दवाखान्यात दोन दिवस, घरी आठवडाभर. दुसऱ्या दिवशी मऊ भात खाता येतो. ओठातून केलं तर तांबड्या रश्श्याला पंधरा दिवस सुट्टी, गळ्यावरून केलं तर ते बंधन नाही. वर्गात ओरडून शिकवणं तीन आठवडे टाळा, गाणं सहा आठवडे. खर्चाचं बघायचं तर सीपीआरमध्ये (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून आपल्या ऑपरेशनचं पॅकेज विचारा, खासगी विमा असेल तर कॅशलेसची मंजुरी आधी लेखी घ्या. दुर्बिणीचा किंवा हार्मोनिकचा वेगळा खर्च त्यात धरला आहे का, हे मुद्दाम.

सहा आठवड्यांनी टीएसएच. राहिलेला लोब बहुतेकींना पुरतो, साधारण चौघींत एकीला थायरॉक्सिनची छोटी गोळी लागते. बायोप्सीचा रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांत येतो, तो न वाचता फाइलला लावू नका. फॉलिक्युलर कॅन्सर निघालाच तर आवरण किती भेदलं आहे यावर डाव्या लोबचा निर्णय होतो, आणि तोही शांतपणे, काही आठवड्यांनी.

आता सीटी आल्यावर काय करायचं ते. कड खाचेच्या खाली असेल तर दुसऱ्या सर्जनकडे जा, गळ्यावरून. कड वर असेल आणि केलॉइडची प्रवृत्ती नसेल तरी मी गळ्यावरूनच सांगेन, तुकडे करावे लागू नयेत म्हणून. कड वर असेल, केलॉइड असेल किंवा व्रण तुम्हाला कोणत्याही परिस्थितीत नकोच असेल, तर आधी काखेचा मार्ग बघा; ओठातूनच करायचं मनात असेल तर पहिल्या सर्जनना तीन प्रश्न विचारा: ५ सेंमीच्या वरच्या भरीव गाठी ओठातून किती काढल्या, त्यातल्या किती मध्येच गळ्यावरून कराव्या लागल्या, आणि गाठ अखंड काढणार की तोडून. तिसऱ्याचं उत्तर ‘तोडून’ असेल तर माझा विरोध वर सांगितलाच आहे; तरीही करायचंच ठरलं तर त्याआधी सोनोग्राफीत बघून, गाठीच्या दोन-तीन वेगळ्या जागांतून सुईची तपासणी पुन्हा करून घ्या.